मोजेसाहेबांचा पहिला धडा

एकोणीसशे बहात्तर साल. त्या एका वर्षात बागेच्या रस्त्यावरची टपालपेटी तीन वेळा आडवी झाली, बेकरीवाल्याच्या पायऱ्या दोन वेळा फुटल्या, केशकर्तनालयाचा रंगीत खांब मुळासकट उखडला, आणि मास्तरीणबाईंची ड्रायव्हिंग शाळा बंद पडायची वेळ आली. या सगळ्याला कारणीभूत माणूस एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. त्याचं कुणाला काही वाकडं करता येत नव्हतं, हीच खरी पोटदुखी.

मास्तरीणबाई म्हणजे त्या शहरात गाडी चालवायला शिकवणारी पहिली बाई. तेव्हा वय पन्नाशीला आलेलं, अंगाने काटक, पायात कायम चपटे कापडी बूट. आवाज असा, की पलीकडच्या फुटपाथवरून चालणारा माणूससुद्धा दचकून क्लच शोधू लागायचा. शाळा म्हणजे काय, तर एक राखाडी गाडी आणि घरातला टेलिफोन. टेलिफोनवर मोठी नणंद बसायची. तिला सगळे वन्सं म्हणत. वन्सं विद्यार्थ्यांची वेळ वहीत लिहून घ्यायच्या आणि बाई त्यांना रस्त्यावर न्यायच्या. गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्या बाईंच्या पायाशी. मागच्या बाजूला 'शिकाऊ' अशी लाल पाटी. पुढे पाटी नव्हती, कारण बाईंचं म्हणणं असं, की पुढून येणाऱ्याला ते आपोआपच कळतं.

बाईंच्या शिकवण्याची एक रीत होती. चूक झाली, की गाडी बाजूला घ्यायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "चूक माझी." मगच पुढचा गिअर. समोरचा मध्ये आला, खड्डा दिसला नाही, डोळ्यात चिलट गेलं, काही म्हणजे काही चालायचं नाही. एका न्यायाधीशांना त्यांनी एका सकाळी चौदा वेळा म्हणायला लावलं होतं. न्यायाधीश घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आज फार हलकं वाटतंय."

अशी ही शाळा अठरा वर्षं बिनबोभाट चालली. मग बागेच्या टोकाच्या पिवळ्या बंगल्यात एका परक्या देशाचा दूतावास आला, आणि त्याबरोबर राजदूत आले.

राजदूतांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या लांबलचक काळ्या गाडीच्या काचा काळ्या होत्या. लोकांना दिसायचा तो फक्त हात. गाडी कशावर तरी आदळायची, थांबायची, काच चार बोटं खाली व्हायची आणि आतून पांढरा हातमोजा घातलेला हात बाहेर यायचा. दोन बोटांत लाल कार्ड. कार्डावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, की या गृहस्थांना अटक, दंड, खटला, चौकशी, काहीही करता येणार नाही. हात कार्ड दोनदा हलवायचा, आत जायचा, काच वर व्हायची आणि गाडी निघून जायची. लोकांनी त्यांचं नाव हातमोजेसाहेब ठेवलं. पण गाडी येताना दिसल्यावर एवढं लांब नाव ओरडायला वेळ मिळायचा नाही, म्हणून नुसतंच मोजेसाहेब.

त्यांचा ड्रायव्हर पहिल्याच महिन्यात नोकरी सोडून गेला होता. त्याला म्हणे साहेब शेजारी बसवायचे आणि स्वतः चालवायचे. जाताना तो बेकरीत पाव घ्यायला थांबला होता. "नोकरी चांगली आहे हो," तो म्हणाला, "पण मला मुलंबाळं आहेत."

आता तुम्ही म्हणाल, पोलीस काय करत होते? चौकातला पोलीस बिचारा शिट्टी फुंकून फुंकून गालफडं दुखवून घेत होता. एकदा त्याने गाडीपुढे हात आडवा केला. त्या दिवसापासून तो चौथऱ्यावरून खाली उतरत नसे.

पण मास्तरीणबाईंच्या मुळावर आला तो पोलीस नव्हे, राजदूतही नव्हे. तो होता नमुना सात.

शहरात कुठेही गाडीचा धक्का लागला, की परवाना कार्यालयात नमुना सात भरावा लागे. त्यात चौथा रकाना होता, 'अपघातास जबाबदार व्यक्तीचे नाव'. कार्यालयाचे मुख्य साहेब म्हणजे नाकावर चष्मा आणि चष्म्यावर भुवया, असा माणूस. मोकळा रकाना पाहिला की त्यांना जेवण जायचं नाही. आणि राजदूताचं नाव तर लिहिता येत नव्हतं. मग साहेब पेनाचं टोपण काढून समोरच्याला विचारायचे, "मग उरलं कोण?"

त्यावरून लोक त्यांना उरलंकोणसाहेब म्हणू लागले.

टपालपेटी पडली तेव्हा उरलं टपाल खातं. पेटी निष्काळजीपणे उभी होती, असं पोस्टमास्तरांना लिहून द्यावं लागलं. पायऱ्या फुटल्या तेव्हा उरला बेकरीवाला. खांब उखडला तेव्हा न्हावी म्हणाला, "साहेब, मी आत एका माणसाची दाढी करत होतो हो!" साहेबांनी विचार केला आणि लिहिलं, 'लक्ष अन्यत्र होते'.

आणि मास्तरीणबाईंची गाडी एकदा मार्चमध्ये बागेच्या फाटकाशी उभी असताना मागून ठोकली गेली, आणि एकदा जूनमध्ये बेकरीसमोर उभी असताना पुढून.

"साहेब, मी उभी होते," बाई दुसऱ्या वेळी म्हणाल्या.

"ते मी लिहिलंय की. 'वाहन उभे होते.' पाचवा रकाना."

"मग दोष माझा कसा?"

"बाई, चौथा रकाना मोकळा ठेवता येत नाही. त्यांचं नाव लिहायचा आपल्याला अधिकार नाही. तुम्हीच सांगा, मग उरलं कोण?"

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"फाशी नाही हो, नुसती नोंद. एका शाळेच्या नावावर तीन झाल्या तरच परवाना रद्द." साहेबांनी टोपण लावलं. "तुमच्या अजून दोनच आहेत. आणि तुमचं नूतनीकरण येत्या शनिवारी. तोवर सांभाळा म्हणजे झालं."

सांभाळा म्हणजे काय करा? पाऊस पडू नये म्हणून छत्रीने सांभाळायचं, तसलाच प्रकार. बाई घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकल्या. अठरा वर्षांत शेकडो माणसं त्यांनी रस्त्याला लावली होती. आणखी एक धक्का, आणि त्यांच्या हातात राहणार होती ती फक्त लाल पाटी.

"वहिनी, चार दिवस गाडी काढूच नकोस," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, तो उभी गाडी ठोकतो. घरात येऊन ठोकेल."

"मग जिन्याखाली ठेवूया का?"

बेकरीत रस्त्यावरच्या लोकांची सभाही झाली. पोस्टमास्तर आले, न्हावी आला, पोलीस साध्या कपड्यांत आला, म्हणजे नुसती टोपी काढून आला. न्हावी म्हणाला, अर्ज करू. पोस्टमास्तर म्हणाले, मागचे तीन अर्ज माझ्याच टेबलावर आहेत, पेटी वाकून तिचं तोंड मिटल्यामुळे टाकता आलेले नाहीत. शेवटी ठराव झाला तो एवढाच, की काळी गाडी ज्याला आधी दिसेल त्याने बेकरीची घंटा वाजवावी आणि बाकीच्यांनी जवळच्या पायरीवर चढावं. या ठरावाने एक झालं. लोकांचे गुडघे सुधारले.

बुधवारी मात्र काळी गाडी आलीच नाही. मंगळवारी संध्याकाळी ती कारंज्यात गेली होती आणि आता गॅरेजमध्ये उलटी टांगून तिच्यातलं पाणी काढत होते. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. निदान आज तरी धोका नाही, म्हणून त्यांनी गाडी काढली.

वन्संनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, दहा वाजता नवा विद्यार्थी आहे. कापडाच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर. उंच आहे म्हणे, सुटाबुटातला, मिशीवाला. जरा ताठ आहे, पण तू वाकवशील. वाकड्या टपालपेटीपाशी थांब म्हणाला."

आता योगायोग असा, की वाकडी टपालपेटी दूतावासाच्या फाटकाला लागूनच. आणि दूतावासात त्याच सकाळी चिटणिसाने राजदूतांना सांगितलं होतं, की दहा वाजता गॅरेजकडून एक राखाडी गाडी येईल, सोबत सरकारच्या शिष्टाचार खात्याच्या एक बाई असतील, त्या फुलांच्या प्रदर्शनापर्यंत रस्ता दाखवतील, फीत कापायची आहे. हातमोजेही कारंज्यात भिजून वाळत पडले होते, त्यामुळे राजदूत उघड्या हातांनी बाहेर पडले.

दहाला पाच कमी असताना बाईंनी राखाडी गाडी पेटीशी उभी केली, स्वतः शेजारच्या सीटवर सरकल्या आणि वाट पाहू लागल्या. दहाच्या ठोक्याला फाटक उघडलं आणि एक उंच, सुटाबुटातला, मिशीवाला, ताठ माणूस बाहेर आला. मागची लाल पाटी त्याला दिसायचं कारण नव्हतं. मागे बघायची त्याला सवयच नव्हती. तो सरळ ड्रायव्हरच्या जागी बसला.

"आपणच त्या बाई काय?" तो पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत होता.

"हो, मीच ती बाई. पाय आखडू नका, सीट मागे घ्या."

"मला अकरा वाजता उद्घाटनास पोहोचावयाचे आहे."

नव्या शाखेचं उद्घाटन असेल, असं बाईंना वाटलं. दुकानदार लोक सारखं कसलं ना कसलं उद्घाटन करतच असतात. "पोहोचाल की," त्या म्हणाल्या. "आधी इथून तर हला. आरसा बघितलात?"

त्याने आरशात पाहिलं आणि मिशी सारखी केली.

"त्यासाठी नाही हो! मागून कोण येतंय ते बघायला."

"मागून येणाऱ्याने मला बघावे," तो म्हणाला आणि त्याने गाडी अशी सोडली, जशी बाटलीतून बूच सुटावं.

बाईंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. त्या माणसाने चकित होऊन खाली पाहिलं, मग बाईंच्या पायाकडे पाहिलं. त्याच्या आयुष्यात त्याची गाडी कधी कशावर न आदळता थांबली नव्हती.

"हात मांडीवर," बाई म्हणाल्या.

"क्षमा असावी?"

"क्षमा नंतर. हात मांडीवर ठेवा आणि म्हणा, चूक माझी."

"बाई, आपण कोणाशी बोलत आहात याची आपल्याला कल्पना..."

"पूर्ण कल्पना आहे. दुकानात तुम्ही कोण असाल ते असाल, या गाडीत तुम्ही शिकाऊ. म्हणता की उतरता?"

त्या माणसाला आजवर कुणी उतर म्हटलं नव्हतं. दुकान म्हणजे काय हेही त्याला उमगलं नाही. दूतावासाला इकडे तसं म्हणत असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. शिष्टाचार खात्याची माणसं सगळीकडे चमत्कारिकच असतात. त्याने हात मांडीवर ठेवले. "चूक माझी," तो पुटपुटला.

"मोठ्याने. टपालपेटीला ऐकू गेलं पाहिजे."

बागेला वळसा घालेपर्यंत त्याने नऊ वेळा म्हटलं. सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत बारा. प्रत्येक वेळी आवाज थोडा मोकळा होत गेला.

"आणि सारखा भोंगा का वाजवता?" बाईंनी विचारलं.

"थांबण्याकरिता."

"थांबायला ब्रेक असतो. मधला."

"भोंगा वाजविला की समोरचा थांबतो. मग मी कशाला थांबू?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

त्या माणसाने भोंग्यावरचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "कोणीच नाही. मामांची फळबाग होती. तेथे मी चालवीत असे. झाडे दूरदूर होती. पुढे मोठा अधिकारी झालो, तेव्हा परवाना घरपोच आला. मग शिकवा असे कोणास म्हणणार? लोक हसले असते."

हे ऐकून बाईंचा राग निम्मा ओसरला. मोठ्या माणसांचं हे दुखणं त्यांना ठाऊक होतं. न्यायाधीशांचंही तेच होतं. त्यांनी त्याला शांतपणे क्लच सांगितला, गिअर सांगितले, वळताना कुठे बघायचं ते सांगितलं. पोलीस चौथऱ्यावरून बघत होता. एका चिमणीसाठी ती गाडी थांबली, तेव्हा त्याने तिला सलाम ठोकला. गाडीतला माणूस लहान मुलासारखा हसला. "मी थांबलो!" तो म्हणाला. "बाई, पाहिलेत? मी स्वतः थांबलो!"

"बघितलं. आता हुरळून जाऊ नका."

पहिला धडा झाला, की विद्यार्थ्याला परवाना कार्यालयात नेऊन शिकाऊ चिठ्ठी घ्यायची, हा बाईंचा शिरस्ता. त्यांनी गाडी तिकडे वळवायला सांगितली. प्रदर्शन तिथेच असावं, असं समजून तो माणूस उत्साहाने वळला. कार्यालयाच्या दारात उरलंकोणसाहेबांची नवीकोरी स्कूटर उभी होती. आठवड्यापूर्वी घेतलेली, फिकट निळी, आरशाचा कागदही न काढलेली.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "ब्रेक. ब्रेक!"

त्याने जोरात भोंगा वाजवला.

जुन्या सवयी अशा एका सकाळीत मरत नाहीत. बाईंनी आपला ब्रेक दाबला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. राखाडी गाडी स्कूटरला हलकेच टेकली आणि स्कूटर दमलेल्या म्हशीसारखी कुशीवर झोपली.

आणि मग बाईंनी पाहिलं, की शेजारच्या माणसाचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला, काच चार बोटं खाली झाली आणि दोन बोटांत लाल कार्ड धरून तो हात बाहेर आला. कार्ड दोनदा हललं.

बाईंच्या पायाखालचा ब्रेक सरकल्यासारखं झालं. "तुम्ही कापडाच्या दुकानाचे मॅनेजर नाही?"

"मी राजदूत आहे. आपण शिष्टाचार खात्याच्या नाही?"

"मी ड्रायव्हिंग शिकवते हो! मार्चमध्ये तुम्ही मला मागून ठोकलंत आणि जूनमध्ये पुढून, आणि दोन्ही नोंदी माझ्या नावावर लागल्या. ही तिसरी." बाईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. "संपली माझी शाळा."

"आपल्या नावावर? परंतु आपण तर उभ्या होतात."

"पाचव्या रकान्यात लिहिलंय तसं."

मोजेसाहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कार्ड दाखवल्यावर मागे काय होतं, हे पाहायला ते कधी थांबलेच नव्हते. ते बाईंकडे बघत राहिले. मग बाहेर गेलेला हात त्यांनी आत घेतला, कार्ड खिशात ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"चूक माझी," ते म्हणाले. टपालपेटीलाच काय, गॅरेजमधल्या काळ्या गाडीलाही ऐकू गेलं असेल.

एव्हाना उरलंकोणसाहेब धावत बाहेर आले होते. आधी त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, मग नमुना सात मागवला. स्कूटरच्या शोकातही त्यांचा अनुक्रम चुकला नाही.

"चालक कोण?"

"मी," राजदूत गाडीतून उतरून म्हणाले. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना प्रथमच पायांसकट पाहिलं. "चौथ्या रकान्यात माझे नाव लिहा."

"ते लिहिता येत नाही, साहेब. तुम्हाला संरक्षण आहे."

"ते मी सोडतो."

"तुम्हाला सोडता येत नाही. ते तुमचं नाही, तुमच्या सरकारचं आहे. चूक करायची तुम्हाला परवानगीच नाही."

"मला परवानगी नाही?" राजदूतांच्या मिशा थरथरल्या. "गेले दहा महिने मी दुसरे काय करीत आहे?"

साहेबांनी टोपण काढलं आणि बाईंकडे पाहिलं. "मग उरलं..."

"खबरदार!" राजदूत गरजले. ते तडक कार्यालयात शिरले, साहेबांच्या खोलीत गेले आणि साहेबांच्या खुर्चीत बसले. "माझे नाव लिहिल्याशिवाय मी येथून उठणार नाही."

साहेबांनी पोलिसाला बोलावणं धाडलं. पोलीस आला, त्याने खुर्चीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "साहेब, यांना हात लावता येत नाही."

"मग खुर्ची ओढ."

"खुर्चीत ते आहेत ना. ओढली तर ते हात लावल्यासारखंच झालं."

"मग बाहेरून कुलूप लाव!"

"ती अटक होईल. माझी नोकरी जाईल. तुमचीही जाईल, पण आधी माझी."

बाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. ज्या कार्डाने त्यांचा गळा धरला होता, तेच आता खुर्चीत ठाण मांडून बसलं होतं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बेकरीवाल्याने गरम पाव पाठवले. न्हाव्याने येऊन साहेबांच्या खुर्चीतच राजदूतांची मिशी नीट केली. वन्सं थर्मासात चहा घेऊन आल्या आणि वहिनीच्या कानाशी लागल्या, "अगं, खरा मॅनेजर कुठे गेला माहितेय का? गॅरेजची गाडी सव्वादहाला आली. हा पेटीशी उभा. शिष्टाचारवाल्या बाईंनी त्याला अदबीने बसवलं, प्रदर्शनाला नेलं, त्याच्या हातून फीत कापून घेतली! त्याला वाटलं, पहिल्या दिवशी असंच असतं."

"आणि भाषण?"

"केलं ना. सुती कापड उन्हात विटू नये म्हणून काय करावं, त्यावर अर्धा तास. टाळ्या पडल्या म्हणे."

पाच वाजले. कार्यालय बंद करायची वेळ झाली. राजदूत आत असताना कुलूप लावता येईना, आणि कार्यालय उघडं टाकून घरी जाणं उरलंकोणसाहेबांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी रात्र बाकावर काढली. राजदूत खुर्चीत छान झोपले. दौऱ्यांमुळे त्यांना बसल्या बसल्या झोपायची सवय होती.

गुरुवारी सकाळी बाई आल्या, तेव्हा साहेबांच्या भुवया चष्म्याखाली आल्या होत्या. राजदूत मात्र ताजेतवाने, मेजावरच्या शाईच्या दौतींचे गिअर करून सराव करत होते. पहिला, दुसरा, मोकळा, तिसरा.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मी सरळ विचारते. यांचं नाव लिहिलंत तर तुमच्यावर कोण रागावेल?"

साहेब विचारात पडले. "यांचं सरकार."

"आणि त्यांना कोण कळवणार?"

"हे स्वतः. राजदूत हेच."

"मी कळविणार नाही," राजदूत म्हणाले. "कळविले तर ते मला परत बोलावतील, आणि माझा दुसरा धडा अद्याप व्हायचा आहे. तिसराही."

साहेबांनी खिडकीतून कुशीवर पडलेल्या स्कूटरकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं. मग आपल्या खुर्चीकडे पाहिलं, ज्या खुर्चीत ते तेवीस वर्षं बसले होते आणि जी आता त्यांना हवी तेव्हा मिळत नव्हती. त्यांनी टोपण काढलं आणि चौथ्या रकान्यात लिहायला सुरुवात केली. राजदूतांचं पूर्ण नाव फार लांब होतं. ते रकान्यातून बाहेर आलं, समासात गेलं आणि तिथून खाली वळलं. साहेबांना घाम फुटला, पण त्यांनी शेवटपर्यंत लिहिलं.

"आता मार्च काढा," राजदूत म्हणाले. "नंतर जून. आणि त्या पायऱ्या. आणि तो खांब. मी घाईत नाही."

दुपारपर्यंत सगळ्या नोंदी दुरुस्त झाल्या. त्यानंतरच मोजेसाहेब उठले, साहेबांशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर जाऊन स्वतःच्या हाताने स्कूटर उभी केली. शनिवारी बाईंच्या शाळेचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालं.

पुढचं सांगायचं, तर मोजेसाहेब आणखी तीन वर्षं त्या शहरात होते. बाईंकडे ते एकेचाळीस धडे शिकले. इतर लोक बारा धड्यांत शिकायचे, पण मागे वळून बघायची सवय लागायलाच त्यांचे वीस गेले. पुढे ते आपल्या देशी परतले आणि नोकरी सोडून मामांच्या बागेत राहिले. दरवर्षी त्यांचं पत्र यायचं. त्यात झाडांची खुशाली असायची.

कापडाच्या दुकानाचा मॅनेजर गाडी शिकायला पुन्हा आलाच नाही. त्याला भाषणाची गोडी लागली. तो नगरपालिकेवर निवडून आला आणि दोन वेळा उपाध्यक्ष झाला.

बेकरीवाल्याने नव्या पायऱ्या संगमरवरी केल्या, त्यावरून त्याची सासू घसरली, आणि ती नोंद मात्र कुठल्याच कार्यालयात झाली नाही. पोलीस निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला. नातवंडांच्या खेळण्यातल्या गाड्यांनाही तो हात दाखवून थांबवायचा. उरलंकोणसाहेब आणखी सहा वर्षं त्याच खुर्चीत बसले. जेवायला जातानाही ते खुर्ची टेबलाला साखळीने बांधून जात. शेवटी त्यांनी ती विकत मागितली, पण तसा अर्जाचा नमुनाच नव्हता.

वन्सं नव्वदाव्या वर्षी गेल्या. टेलिफोनची वही अखेरपर्यंत उशाशी होती.

मास्तरीणबाईंनी सत्तरीपर्यंत शिकवलं. डोळ्यांना कमी दिसू लागलं तेव्हा कुणी सांगायच्या आधीच त्यांनी परवाना नेऊन दिला आणि पायी घरी निघाल्या. वाटेत ओळखीच्या सतरा जणांनी गाडी थांबवून म्हटलं, "बाई, बसा ना, सोडतो." बाई एकाच्याही गाडीत बसल्या नाहीत. "तुम्हाला मीच शिकवलंय," त्या म्हणत राहिल्या, "कसं चालवता ते मला चांगलं माहितेय." आणि ठणठणीत पावलांनी फुटपाथच्या आतल्या कडेने चालत घरी आल्या.